मशीनचं तोंड

बाबा, आज मले तुह्यावर लय राग येऊन राह्यला. तुले जाऊन किती वर्सं झाले, मी सातवीत होती तवा. मेलेल्या माणसावर काय रागवाचं, असं माय म्हणते. पण येते तं येते. तू ज्या टपरीत बसत होता त्याच टपरीत आता मी बसतो. बंदुकवाल्याइच्या मैदानाच्या डाव्या कडेले, तेच टीन, तेच मशीन, तीच काळी मूठ. मी मातीची थाळी ठेवतो, मूठ वढतो, थाळी टेकडीकडं उडते अन् नागपूरचे साहेब लोकं तिले बंदुकीनं हवेत फोडते. तू त्याले कबुतर म्हणत होता. "आज कबुतरं लय मेले," म्हणत घरी येत होता अन् तुह्या केसात थाळ्याइचा लाल भुसा राहे.

माह्यी पोरगी आता दोन वर्साची होईन. तिचा बाप पिपरी मेघेले बांधकामावर जाते, घरी तिले पाह्याले कोणी नाई, म्हणून संग आणतो. टपरीच्या मांगं कडुनिंब हाये ना, त्याले लुगड्याचा पाळणा बांधला. कानात कापूस घालून देतो. पह्यलं बंदुकीच्या प्रत्येक बारले दचके, आता झोपते. मीच दचकतो. तिची मोडली, माह्यी दचकाची सवय मोडून नाई राह्यली.

तुले थाळ्याइचं सारं समजत होतं. जेवता जेवता मायले सांगे, "नवा माणूस आला का पह्यली थाळी सोपी सोडाची, हळू, सरळ. फुटली का त्याले वाटते आपण शिकारी. मंग मधात अवघड करत जाची. अन् घरी जातानाची पुन्हा सोपी, म्हंजे माणूस हासत जाते." माय भाकर थापता थापता म्हणे, "अन् आपल्याले कवा सोपी सोडता?" तू हासे. मलेबी तवा ते गमतीचं वाटे. तू मले एक न फुटलेली नारंगी थाळी आणून देल्ती, आठोते का? मी ती भातुकलीत झाकण म्हणून वापरो, कोणाले हात लावू देत नोती. अजून हाये माह्याजवळ, फळीवर.

पण त्या दिवसाचं काय? मी डबा घेऊन मैदानात आलती. साहेब लोकाइले दूर जाणारी थाळी फोडून कटाळा आलता, त्याइले अंगावर येणारी पायजे होती. तू पाना घेतला, बोल्ट ढिला केला अन् मशीनचं तोंड त्याइच्याकडं फिरवलं. थाळी त्याइच्याकडं गेली, अन् बंदूक तुह्याकडं. छर्रे टिनावर वाजले, पाणी पडल्यावानी. काही टिनावर नाई वाजले. एक साहेब दुरूनच म्हणे, "अरे, लागलं का काय?" तू उभा राहून हात हालवला, "काई नाई साहेब, चालू द्या." चालू द्या म्हणे. रातच्याले माय चुलीजवळ सुई तापवून तुह्या खांद्यातून छर्रे काढून राह्यलती, हळद भरून राह्यलती. मी म्हटलं, "नाई म्हणाचं होतं ना बाबा." तू मायच्या हातातून खांदा सोडवला अन् माह्यावर वरडला, "साहेबाले कोणी नाई म्हणते काय? चूप बस, मोठी आली." दोन छर्रे निंगालेच नाई, तापानं गेला तवा ते तुह्या खांद्यातच होते.

आता आजचं आयक. नवा मॅनेजर हाये, पोरगाच हाये. सकाळी आला अन् म्हणे, "ए बाई, हे मशीन इकडं फिरव. रोज तीच थाळी, कोणीबी फोडते. अंगावर येणारी पायजे, खाली खाली. अवघड असल्याशिवाय लोकं पैसे काऊन देतीन?"

अवघड करा ना, मी कुठं नाई म्हणतो. लांब सोडा, वाऱ्यात सोडा, दोन संग सोडा, झाडाआडून काढा. पण ज्यात चुकणाऱ्याचं नुसतं तोंड उतरते तेच अवघड असावं. ज्यात चुकणाऱ्याचा छर्रा दुसऱ्याच्या लेकराकडं जाते त्याले खेळ म्हणावं काय? हे मले एवढं चांगलं बोलता आलं नाई. मी एवढंच म्हटलं, "साहेब, मांगं पोरगी झोपली हाये."

"मंग पोरगी आणाची नाई. तुहा बाप तं फिरवत होता म्हणे."

बाबा, तुह्यं नाव त्याच्या तोंडात असं आलं. तू फिरवत होता म्हणून मीबी फिरवलं पायजे. मी म्हटलं, "त्याच्या खांद्यात छर्रे होते, हे नाई सांगतलं काय तुमाले? तुमी बसा आत. मी बाहेरून पाह्यतो."

साहेब लोकाइतला एक हासला, "बसा ना मॅनेजर साहेब, बाई एवढं बोलावून राह्यली." साहेब हासला म्हणून बसला तो. मशीन तं फिरलंबी नोतं. एका साहेबानं नुसती बंदूक खांद्याले लावून टपरीकडं रोखून पाह्यली, रिकामीच. मॅनेजर गुडघे झटकत बाहेर आला. माह्याकडं पाह्यलं नाई. साहेब लोकाइकडं जाऊन म्हणे, "बोल्ट जाम हाये. सध्या जुनंच चालू द्या."

सध्या म्हणे. म्हंजे पुढच्या रविवारी पुन्हा इचारन. मले भेव वाटून राह्यलं, काम जाईन याचं अन् नाई गेलं तं त्याचंबी. अन् तुह्यावर राग यासाठी, का 'तुमी बसा आत' हे एवढंसं वाक्य तू एकडाव म्हटलं असतं तं आज मले म्हणा लागलं नसतं.

हे लिवलेलं कुठी धाडाचं नाई, मले मालूम हाये. नारंगी थाळीखाली ठेवतो. पण एक सांगतो, तुलेच. बोल्ट जाम नोता. त्यानं फिरव म्हटल्याबरोबर मी "हो साहेब" म्हणून पाना लावलता, अर्धा ढिलाबी केलता. पोरीनं पाळण्यातून हात बाहेर काढला, तवा थांबली.