पुसलेले मणके

ता. ४ एप्रिल

चि. धाकट्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुमच्या म्युझियममागच्या खोलीत सुट्टीपुरतं एका शाळकरी पोरीला काम शिकवाल का, असं मी विचारलं आणि तू चक्क हो म्हणालास. तब्येत बरी आहे ना? माझ्या वर्गातली मुलगी पाठवते आहे. सगळे तिला ‘पहिली’च म्हणतात, कारण दुसरी ती कधी आलीच नाही. पुस्तक तोंडपाठ, पण पुस्तकाबाहेरचं विचारलं की गप्प. म्हणून तर तिला फळ्यापासून लांब पाठवायचंय. तिची आई मोठ्या मुश्किलीने तयार झाली आहे, तेव्हा ओरडू नकोस.

लोभ आहेच, वाढवलास तर हरकत नाही.
तुझी ताई

ता. ११ एप्रिल

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पहिलीने माझी वाट लावली. देवमाशाच्या पिल्लाचा सांगाडा जोडायला घेतलाय. तिला मणके धुवायला दिले. मी चहा पिऊन येईपर्यंत तिने ते घासून लख्ख केले, आणि कुठला मणका कितवा हे मी पेन्सिलीने लिहिलं होतं, तेही घासून काढलं. डाग वाटले म्हणे. विचारलं का नाहीस म्हटलं, तर म्हणाली, वर्गात जी विचारते तिला येत नाही असं समजतात. आमचे साहेब म्हणतात, पोरीला घरी पाठवा. मलाही तेच वाटतं. पुढच्या शनिवारी गाडीत बसवून देतो.

रागावलेला, पण तुझाच,
धाकटा

ता. १४ एप्रिल

चि. धाकट्यास अ. उ. आ.

पत्र वाचून रडू आलं. अशी परत आली तर ती पुन्हा कशाला हात लावणार नाही, आणि तिची आई पुन्हा कुठे पाठवणार नाही. साहेबांच्या हातापाया पड, पण तिला ठेव. तिने पुसलं, तिलाच क्रमाने लावू दे. उत्तर मात्र सांगू नकोस. आयतं मिळालं की पाठ करून मोकळी होईल. आणि पेन्सिलीने लिहायची अक्कल कुणाची, तेही कळव.

एवढं ऐक, मग हवा तेवढा रुसून बस.
तुझी ताई

ता. २५ एप्रिल

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

अक्कल माझीच. साहेबांकडून आठवडा मागून घेतला. आधी ती मणक्यांसमोर नुसती बसून राहिली. मग एकाला एक लावून बघायला लागली आणि तिचं तोंड सुटलं. शेपटीकडे मणक्यातलं भोक बारीक का होत जातं, वरचा हा काटा मागे का कलतो, हा एकाच बाजूने का झिजलाय. निम्म्याची उत्तरं मला येत नाहीत. तसं सांगितलं तर बघतच राहिली. मोठ्या माणसाला आलं नाही तरी चालतं का, असं विचारलं. चालतं म्हटलं.

काल शेवटचा मणका बसला. साहेबांनी दोनदा तपासलं आणि तिच्यासाठीही चहा मागवला. पण एक हाड उरलंय. ते कुठेच बसत नाही, आणि कुणाचं ते साहेबांनाही सांगता येत नाही. ते कळेपर्यंत ती घरी यायला तयार नाही. तिच्या आईला तूच समजाव, माझी हिंमत नाही.

माया असू दे.
तुझा धाकटा

ता. २९ एप्रिल

चि. धाकट्यास अ. उ. आ.

तिच्या आईकडे गेले. ती चिडणार म्हणून दारातच उभं राहून तुझं पत्र वाचून दाखवलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, ते हाड केवढं आहे? मला सांगता येईना. तेव्हा रविवारी ती माझ्याबरोबर येते आहे, स्वतः बघणार म्हणते. साहेबांना आणखी एक खुर्ची मांडायला सांग.

भेटीअंती सर्व बोलूच, तोवर लोभ ठेव.
तुझी ताई