एका टिंबाची जागा

शुब्रा, कैरो
पवित्र आठवड्यातला गुरुवार

आदरणीय वहबादादा यांस,

धाकटा भाऊ तादरस याचा सप्रेम नमस्कार. प्रभूच्या कृपेने इकडे सर्व ठीक. आपल्या गुडघ्यांचं, दमयानावहिनींच्या रक्तदाबाचं आणि आपल्या त्या म्हाताऱ्या करवतीचं कसं काय चाललं आहे? (नऊ वर्षांनी लिहितो आहे, तेव्हा 'आपण' म्हणावं की 'तू', यावर सकाळपासून दोन कागद फाडून झाले. 'आपण' शेवटपर्यंत टिकेलसं वाटत नाही. जीभ घसरली तर सांभाळून घ्यावे.)

यंदाच्या मोठ्या उपासाचा मला खरा खर्च किती आला, तो आधी सांगतो. एक दाढ, भाजलेल्या टरबुजाच्या बियांपायी. पट्ट्याचं एक भोक, तेही बाहेरच्या बाजूचं, कारण मांस, दूध, अंडी, तूप सगळं सोडलेला माणूस तिळाच्या ताहिनीवर आणि हलव्यावर असा आडवा हात मारतो की पुण्याबरोबर पोटही वाढतं. आणि एक भांडण, जे मी नऊ वर्षं धूळ बसू न देता जपलं होतं. पण एक गोष्ट अभिमानाने लिहितो. आज त्रेपन्नावा दिवस, आणि तुपाचा कणसुद्धा या तोंडात गेलेला नाही. दुसरीही लिहूनच टाकतो, रागावू नये. या नऊ वर्षांत आपल्या घरची भाकरी नाही, पाण्याचा घोट नाही, काहीही माझा उंबरा ओलांडून आत आलेलं नाही. मी एकदा ठरवलं की ठरवलं. सरसाचं भांडं ढवळणाऱ्या पोरापासून नव्वद चर्चची बाकं करणाऱ्या तादरसपर्यंत मी काही उगाच आलो नाही.

दोन गल्ल्यांवर घर असताना पत्र कशाला, असं आपण विचाराल. तर हा आठवडा यहूदाच्या चुंबनाचा, ज्या चुंबनाने त्याने प्रभूला पकडून दिलं. या दिवसांत आपण चर्चमध्येसुद्धा एकमेकांना शांतीचा हात देत नाही, मग मी दारात येऊन आपल्या गळ्यात कसा पडणार? धर्माचा नियम आहे. (इन्साफ शेजारी बसून हे वाचते आहे आणि म्हणते, "नियम कसला, भीती वाटते म्हणून लिही." बायकांना धर्मातलं खोलवरचं कळत नाही.)

सुरुवात झाली आपल्या पाद्रीबाबांपासून, अबूना मित्यासांपासून. उपासाच्या चौथ्या आठवड्यात मी त्यांच्याकडे कबुलीजबाबाला गेलो. मोठं पाप कुठलं सापडेना, म्हणून गाडीच्या मागे 'देव प्रीती आहे' असं चिकटवून पुढे टॅक्सीवाल्याच्या सात पिढ्या उद्धरल्या, ते सांगितलं. मग त्यांना जरा बरं वाटावं म्हणून उपासाचं सगळं वर्णन केलं. दूध नाही, लोणी नाही, चीज नाही, दुकानदाराकडून हलव्याच्या डब्यावरचं बारीक अक्षरसुद्धा दोनदा वाचून घेतो. अबूना दाढी कुरवाळत ऐकत होते. मग म्हणाले, "तादरस, यंदा तू म्हशीला माफ केलंस, गाईला केलंस, कोंबडीलाही केलंस. वहबाला कधी करणार?" मी म्हटलं, "अबूना, म्हशीने माझ्या धंद्याचं नाव घालवलं नाही." त्यावर त्यांनी सरळ सांगितलं की भावाशी बोलल्याशिवाय ईस्टरच्या सणाला वेदीपाशी यायचं नाही, आलास तर पवित्र भाकर मिळणार नाही. सगळ्या शुब्रासमोर रिकाम्या तोंडाने परतायचं! नव्वद चर्चची बाकं करणाऱ्या माणसाने!

भांडण कशावरून होतं ते आपल्याला सांगायला नको, पण सांगितल्याशिवाय माझं मन हलकं होणार नाही. एका टिंबावरून. त्या गावच्या नव्या चर्चच्या वेदीपुढच्या लाकडी पडद्यासाठी आपण दोघांनी अक्रोडाच्या फळीवर 'देव प्रीती आहे' कोरलं. अक्षरं तुझी, हाडाचं जडावकाम माझं. (घसरली जीभ. आता 'तू'च राहू दे.) त्या अरबी शब्दातल्या एका अक्षराच्या दाताखाली उंटाच्या हाडाचं टिंब बसलं की 'प्रीती', आणि तेच टिंब दाताच्या वर बसलं की 'संकट'. बिशपांनी फळीवरचं कापड ओढलं आणि सगळ्या गावासमोर खणखणीत आवाजात वाचलं, "देव संकट आहे." तुला आठवतं, पहिल्या रांगेतली ती काळ्या ओढणीतली म्हातारी? दोन्ही हात वर करून ती म्हणाली, "खरंय बाबा, अगदी खरंय!" आणि अर्ध्या गावाने आमेन म्हटलं. परतीच्या गाडीत मी म्हटलं, खूण तू चुकीच्या जागी केलीस. तू म्हणालास, टिंब तू चुकीच्या जागी बसवलंस. दोन सुतार, वयाने पन्नाशीचे, 'देव प्रीती आहे' या तीन शब्दांवरून असे भांडले की चालकाने गाडी थांबवून आपल्याला खाली उतरवलं. त्यानंतर तू तुझ्या गल्लीत आणि मी माझ्या.

आपले कॉफीवाले हाजी अश्मावी दोन्ही गल्ल्यांच्या तोंडावर बसतात, त्यामुळे त्यांना दोन्ही बाजूंचं सगळं दिसतं. गेल्या महिन्यात मला म्हणाले, "तादरस, आमच्या हजरत ईसांनी तुम्हाला शत्रूवर प्रेम करायला सांगितलंय ना?" म्हटलं, "हो हाजी." "मग भाऊ म्हणून जमत नसेल तर शत्रू समजून कर की!" सगळी बाकडी हसली. मी कॉफीचे पैसे देऊन उठलो, आणि अर्ध्या वाटेत कळलं की कॉफी प्यायचीच राहिली.

आता रविवारचं. झावळ्यांच्या रविवारचं. तुला माहीत नसेल (किंवा असेलही), पण चर्चमधली माझी जागा मी नऊ वर्षं फार विचारपूर्वक निवडलेली आहे. डावीकडच्या तिसऱ्या खांबाला लागून. म्हणजे वेदीवरच्या मदतनिसाने, शमासने, "एकमेकांना पवित्र चुंबनाने सलाम करा" असं म्हटलं की एका बाजूला मी आपल्या वकिलाला हात देतो आणि दुसऱ्या बाजूला खांबाला. त्या खांबाशी माझं कधीही वाकडं आलेलं नाही. पण या रविवारी खांबाशी झावळ्यांचा हा ढीग, त्यात पोरं क्रूस विणत बसलेली, आणि गर्दी अशी की मी ढकलला जात जात कुठल्या रांगेत गेलो ते मलाही कळलं नाही. शमासचा पुकारा झाला. मी भक्तीने डोळे मिटून घेतले. (भक्तीनेच मिटले. कोण कुठे उभं आहे ते दिसू नये म्हणून मिटले, असं इन्साफ म्हणते.) आणि दोन्ही हात दोन्हीकडे केले. उजव्या हातात एक हात आला. चार बोटं पूर्ण, एक अर्धं.

दादा, ते अर्धं बोट मला जगातल्या कुठल्याही अंधारात ओळखू येईल. मी सात वर्षांचा होतो, चालत्या करवतीखाली गेलेला चेंडू काढायला हात घातला, आणि तू तो मागे ओढलास. माझी दहाही बोटं शाबूत आहेत, त्यांच्यावरच नव्वद चर्च उभी राहिली. हे मी धंद्याच्या कुठल्याही पाटीवर लिहिलेलं नाही.

डोळे उघडेपर्यंत तू पुढे सरकला होतास. रिवाजाप्रमाणे मी आपली बोटं ओठांना लावली, तर त्यांना सरसाचा वास. तुला कळलं होतं का रे, की हात कोणाचा? आणि एक विचारतो. तुझा हात इतका हलका कधी झाला?

तसाच अबूनांकडे धावलो. म्हटलं, "झालं! शांतीचा हात दिला, आता वेदीचा रस्ता मोकळा." ते म्हणाले, "ओळखून दिलास का?" म्हटलं, "द्यायच्या आधी नाही, पण सोडायच्या आधी ओळखला." "मग सोडलास का?" असं विचारून ते दुसऱ्याशी बोलायला लागले. चार दिवस झाले, तो प्रश्न घेऊनच मी रंधा मारतो आहे. आपण सगळे काय करतो, दादा? पंचावन्न दिवस डब्यांवरची अक्षरं वाचतो, आणि समोरचा माणूस वाचायचा राहून जातो. असो. धर्मावर मी जास्त लिहिलं तर इन्साफ हसते.

वहिनींना नमस्कार. करवतीला तेल घाल.

तुझा धाकटा भाऊ,
तादरस

ता. क. त्या गावच्या चर्चची पाटी मी नवी करायला घेतली आहे. फळी अक्रोडाचीच. सगळी अक्षरं झाली. टिंबाची जागा रिकामी ठेवली आहे. उद्या तर कामं बंद. शनिवारी सकाळी ये आणि ते तुझ्या हाताने बसव. वर की खाली, मी काही बोलणार नाही.

दुसरा ता. क. तुझी पेन्सिलची खूण त्या वेळी बरोबर खालीच होती. कॉफीवाल्या पोराशी वाद घालता घालता मी भोक वर पाडलं, चूक दिसली तेव्हा हाड बसून गेलं होतं, आणि मी तुझी खूण थुंकी लावून अंगठ्याने पुसली. हे नऊ वर्षांत अबूनांनाही सांगितलं नव्हतं. पत्र इथूनच सुरू करायला हवं होतं, पण नमस्कार आधी लिहायची पद्धत आहे.

तिसरा ता. क. लिहिताना समोर सणाच्या कहक बिस्किटांची बशी होती, तोंडात टाकायला काहीतरी असलं की मला शब्द सुचतात. आता इन्साफ सांगते की ही बिस्किटं दमयानावहिनींनी पाठवली आहेत, दर सणाला पाठवतात, नऊ वर्षं झाली. तूप म्हशीचं आहे. मी चार खाल्ली. सण रविवारी आहे.