नऊ इंचांची पायरी

दिनांक ४ फेब्रुवारी, बुधवार

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र परवा पोहोचले. ते मी दोनदा मनात वाचले व एकदा तुझ्या आईस मोठ्याने वाचून दाखविले. तू आता अधिकारी झालीस, सबब पत्रात तुला ठकू म्हणू नये, असे शेजारच्या टेलरमास्तरांचे मत पडले. मायना बदलण्याचा माझा विचार नाही. येथे आम्ही उभयता सुखरूप आहोत.

सर्व नगरपालिकांचे अहवाल तुझ्या कचेरीत येतात आणि त्यांपैकी आपल्या गावाचा अहवाल तुझ्याच टेबलावर आला, हे वाचून समाधान वाटले. शहर टिकाऊ करावयाचे, त्यात कोणीही मागे राहू नये असे करावयाचे, आणि त्या दिशेने किती मजल मारली हे दरवर्षी लेखी कळवावयाचे, ही पद्धत मला पसंत आहे. चाळीस वर्षे नगरपालिकेत गवंडीकाम केले. केलेल्या कामाची मोजणी व्हावी, असे मला नेहमीच वाटत आले. टिकाऊ म्हणजे काय हे गवंड्यास कोणी शिकवावे लागत नाही.

पाहणीसाठी जी मुलगी आली होती ती फार व्यवस्थित होती. चप्पल बाहेर काढून आत आली व खुर्चीच्या कडेवर बसली. तिने विचारले, "आजोबा, घरापासून बसथांब्यापर्यंत जायला किती वेळ लागतो?" मी म्हणालो, सात मिनिटे. "वयस्कर माणसांना जाता-येता काही अडचण?" मी म्हणालो, काही नाही. ती येणार हे आधी कळले होते, म्हणून मी आदल्या दिवशीच गल्लीतील एकतीसही घरी जाऊन सांगून आलो होतो की, सरकारी कागदावर रडगाणे गाऊ नये, आपल्या गल्लीची शोभा राखावी. टेलरमास्तर म्हणाले, "काका, पायऱ्या तुमच्या, मग उत्तरंही तुमचीच!" त्यांना थट्टेची सवय आहे. परंतु सर्वांनी ऐकले, आणि त्याचे फळ तुझ्या पत्रात दिसले. अहवालाच्या नकाशात सर्वांस सुलभ अशी संपूर्ण हिरवी दाखविलेली गल्ली साऱ्या गावात आपली एकच! तुझ्या साहेबांनी तुला सर्वांदेखत शाबासकी दिली, हे वाचताना तुझ्या आईने मला थांबवून ते वाक्य पुन्हा वाचावयास लाविले.

अहवालात गल्लीतून खाली रस्त्यावर उतरणाऱ्या आपल्या पायऱ्यांचे छायाचित्र छापणार, म्हणून तू तीन गोष्टी विचारल्या आहेस. त्या पायऱ्या कोणी बांधल्या हे तुला ठाऊक आहे. तरी तू अधिकाराने विचारलेस, म्हणून लेखी कळवितो की, त्या मी बांधल्या. संख्या चौसष्ट. एका पायरीची उंची किती, हे मोजून पुढील पत्री लिहीन.

तुझी आई बरी आहे. हल्ली ती खिडकीशी बसते. तिला खिडकी आवडते.

तुझे,
बाबा


दिनांक १५ फेब्रुवारी, रविवार

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

सत्तावीस तारखेच्या सभेचे निमंत्रण पोहोचले. कागद जाड आहे, छपाई सुबक आहे. तू व्यासपीठावर उभी राहून आपल्या गावाचा अहवाल वाचणार आणि आम्ही उभयतांनी पहिल्या रांगेत बसावयाचे, हे तू योजिलेस, त्यात तुझे मन दिसले. परंतु फोनवर तुझ्या आईने "येते की!" असे परस्पर सांगून टाकले, ते धरू नये. बसचा प्रवास चार तासांचा, त्यात सभेची गर्दी. मी एकटा येईन. कोट धुऊन आणला आहे.

उंची मोजावयास सवड झाली नाही.

तू विचारतेस, आई फोनवर इतकी थोडी का बोलते. ती पूर्वीही थोडेच बोलत असे. घरी मात्र मला प्रश्न विचारून भंडावून सोडते. मी सकाळी खाली जाऊन आलो की तिला रस्त्याची हकिकत सांगावी लागते. फळवाल्याने गाडीचे चाक बदलले का, पोस्टाच्या दाराचा रंग वाळला का, बसथांब्यावर नवीन बाक बसविला त्यास पाठ आहे की नुसतीच फळी आहे? मी एकदा नुसते "सर्व ठीक आहे" म्हणालो, तर म्हणाली, "एवढंच पाहायला गेला होता? मग मलाच पाठवायचं!" तेव्हापासून मी बारकाईने पाहून येतो. बाकास पाठ आहे. रंग हिरवा. बसले असता समोर शाळेचे फाटक दिसते.

हे ऐकून ती म्हणाली, "मला त्या बाकावर बसायचं आहे."

मी म्हणालो, बसशील.

तिने काल ट्रंक उघडून निळी शाल उन्हात टाकली. तू फोनवर सभेचा विषय काढू नयेस. थंडी कमी झाली आहे. नातवंडांस आशीर्वाद.

तुझे,
बाबा


दिनांक २१ फेब्रुवारी, शनिवार

चि. ठकू,

आज मायना पुरा करीत नाही. हे पत्र टपालाने पाठवीत नाही. टेलरमास्तर सोमवारी कापडाच्या खरेदीसाठी तिकडे येत आहेत, ते तुझ्या हातात देतील. अहवालातील चुका मंगळवारपर्यंत दुरुस्त करता येतात असे तू लिहिले होतेस, म्हणून ही घाई.

गुरुवारी सकाळी मी वर्तमानपत्र घेऊन परत चढत होतो. वर पाहिले तर वरून अकराव्या पायरीवर तुझी आई बसलेली. अंगावर निळी शाल, चपला शेजारी नीट जोडून ठेवलेल्या. ती बसून बसून, एकेक पायरी खाली सरकत आली होती.

मी विचारले, "इथे काय करतेस?"

"सराव."

"कसला सराव?"

"सभेचा. दिवस आठ आहेत, पायऱ्या चौसष्ट. रोज आठ उतरले की बरोबर त्या दिवशी खाली पोहोचते. आज तीन जास्तच झाल्या."

टेलरमास्तर आवाज ऐकून बाहेर आले होते. ते म्हणाले, "हिशेब पक्का आहे काकू. पण रात्री मुक्काम कुठे?"

"जिथे पोहोचेन त्या पायरीवर. तुमचे काका जेवण आणून देतील."

सगळे हसले. ती स्वतःही हसली. मग ती उठावयास गेली, आणि तिला उठता आले नाही.

दुकानातली हातांची खुर्ची आणून तिला वर न्यावे लागले. मास्तर, त्यांचा भाऊ आणि आणखी दोघे. अकरा पायऱ्यांना पाव तास लागला. मी मागून चपला घेऊन चाललो होतो. मधे एका ठिकाणी खुर्ची टेकविली तेव्हा तिने माझ्याकडे न पाहता म्हटले, "पायरी उंच आहे हो."

ठकू, हे वाक्य मी पूर्वी ऐकले आहे. एकेचाळीस वर्षांपूर्वी पायऱ्या नुकत्याच पुऱ्या झाल्या होत्या आणि तुझ्या वेळेस तिला सातवा महिना होता. खालून पाण्याची घागर घेऊन ती वर आली, उंबऱ्याशी टेकली आणि हेच म्हणाली. मी म्हणालो होतो, सवय होईल.

सवय झाली नाही, असे तिने त्यानंतर एकदाही म्हटले नाही.

आता जे मागील दोन पत्रांत लिहावयाचे टाळले, ते लिहितो. तुझी आई गेल्या मे महिन्यापासून घराबाहेर पडलेली नाही. गुडघे धरले आहेत. सपाट जमिनीवर ती भिंतीच्या आधाराने चालते, पायरी मात्र उतरू शकत नाही. फोनवर ती "बरी आहे" म्हणते ते खोटे नाही, कारण तू पायऱ्यांविषयी विचारत नाहीस. तुला कळवू नये असे तिला मीच सांगितले होते. तू उन्हाळ्यात येऊन गेलीस तेव्हा ती तुला सोडावयास खालपर्यंत आली होती, ते तिचे शेवटचे उतरणे. पाहणीची मुलगी माझी उत्तरे लिहीत होती तेव्हा तुझी आई आतल्या खोलीत होती. मुलगी गेल्यावर तिने आतून एवढेच विचारले, "सात मिनिटं कोणाची हो?" मी ऐकू आले नाही असे दाखविले.

तसे उत्तर मी का दिले, हेही लिहिले पाहिजे. अडचण आहे म्हणावे, तर ती अडचण मी बांधलेली आहे.

गुरुवारी दुपारी टेप घेऊन सर्व पायऱ्या मोजल्या. चौसष्टही नऊ इंच. एक सूतही इकडचे तिकडे नाही. एवढ्या वर्षांत एक दगड हललेला नाही. ह्या गोष्टीचा मला त्या दिवशी प्रथमच अभिमान वाटला नाही. नकाशात उंची सहा इंच होती. खाणीतून दगड आला तो नऊ इंच जाड. तासून सहाचा करावयाचा, तर दगडही अधिक लागणार आणि दिवसही. मी ओव्हरसियरसाहेबांस म्हणालो, "साहेब, तासायचा कशाला? माणसाला पाय आहेत की!" त्यांना ते पटले. शहाण्णव पायऱ्यांच्या जागी चौसष्ट झाल्या, काम बारा दिवस आधी संपले. दारावर जे प्रशस्तिपत्र चौकटीत लावले आहे, ते याच कामाचे. लहानपणी तू पाहुण्यांस ते मोठ्याने वाचून दाखवीत असस. नोकरीत मी कधी कोणाचा पैसा खाल्ला नाही. बत्तीस पायऱ्या मात्र खाल्ल्या.

काल पुन्हा एकतीसही घरी गेलो. दार उघडल्यावर प्रत्येकास सांगितले की, मी तुम्हांस चुकीचे सांगितले होते, आता खरे सांगा, मी लिहून घेतो. कोणी मला टोचून बोलले नाही, हेच जड गेले. टोकाच्या घरातील निवृत्त नर्सबाई दोन वर्षे खाली गेलेल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "तुम्ही जाणते, तुम्हीच म्हणालात अडचण नाही. मग मी म्हटलं, खोट माझ्याच पायात असेल." मी ते तसेच लिहून घेतले. त्यांनीच मला पाणी दिले.

एकतीस घरांची खरी उत्तरे सोबतच्या कागदांवर आहेत. प्रत्येकापुढे त्या त्या घराची सही घेतली आहे. आमच्या घरचे उत्तर असे: मी, उतरण्यास अकरा मिनिटे, चढण्यास बावीस. तुझी आई, या रकान्यात मिनिटे लिहिता येत नाहीत.

तुझ्या नकाशातील एकुलती हिरवी गल्ली यामुळे जाईल. साहेबांनी सर्वांदेखत दिलेली शाबासकी कदाचित सर्वांदेखतच परत घेतली जाईल. पाहणीतील चूक पाहणीच्या मुलीची नाही, तुझीही नाही, असे मी वेगळ्या कागदावर सही करून दिले आहे. तो साहेबांस दाखवावा. परंतु गल्ली हिरवी राहिली तर येथे कोणीही कधी काही दुरुस्त करणार नाही, हे तू माझ्याहून चांगले जाणतेस. उपाय कठीण नाही. पायरीवर पाऊल टेकावयाची जागा दीड फूट रुंद आहे. भिंतीच्या बाजूने प्रत्येक पायरीच्या आतल्या अर्ध्या भागावर साडेचार इंच उंचीचा दगड बसविला की एकीच्या दोन होतात. त्यास लोखंडी कठडा हवा. रेखाटन जोडले आहे. परवानगी आली तर खुणा मी स्वतः करून देईन. या खेपेस दगड तासून घेईन.

छायाचित्र काढून टाकू नये. ते छाप, आणि त्याखाली उंची नऊ इंच असे लिही. गवंड्याचे नावही लिही.

आता सभेविषयी. तुझी आई येणार आहे. शुक्रवारी पहाटे मास्तर आणि तिघे जण तिला खुर्चीतून खाली उतरवतील. मी खुर्चीचा पुढचा पाय धरतो म्हणालो, तर मास्तर म्हणाले, "काका, तुम्ही मागून या. चपलांचं खातं तुमच्याकडे." मी मान्य केले. बस येण्यास अर्धा तास अवकाश राहील असे ठरविले आहे, कारण तिला त्या हिरव्या बाकावर बसावयाचे आहे. घाई करू नका असे तिने आताच सर्वांस बजावले आहे.

हे पत्र मी तिला वाचून दाखविले. तिने मध्येच थांबविले नाही. शेवटी म्हणाली, "तिला लिहा, माझ्यासाठी रडत बसू नकोस. अहवाल मोठ्याने वाच, यांना हल्ली कमी ऐकू येतं." मला चांगले ऐकू येते. एवढ्यात तरी ऐकू येऊ लागले आहे.

आपल्या गल्लीचे नाव आले की आवाज खाली आणू नकोस. मी पहिल्या रांगेत असेन, आणि कोणी विचारले तर उभा राहीन.

शहाण्णवांपैकी चौसष्ट पायऱ्या बांधणारा,
तुझा बाप