अठ्ठावन्न किलोची हवा

बोरिवली,
६ जानेवारी २०२५

ती. कुंदाताईस,
शौनकचा सा. न. वि. वि.

फोनवर पाचव्या मिनिटाला आपलं वाजतं, म्हणून लिहितोय. शिवाय तुझ्या शेजारच्या कॉटवरून अण्णा सगळं ऐकतात आणि मधूनच मला रागावतात. बाप म्हणून त्यांचा हक्कच आहे, पण बोलणं पुरं होत नाही.

इकडे ठीक. अस्मिताच्या बँकेत ऑडिट चालू आहे, त्यामुळे घरात दोन्ही वेळा खिचडी. गार्गीची बारावी, म्हणजे आम्हा सगळ्यांचीच बारावी. मी ऑफिसातून येतो तो गळूनच. रविवारची सकाळ सोडली तर आठवड्यात माझं असं काही उरत नाही. तेव्हा सहाला सायकल घेऊन बाहेर पडतो, कधी आरेच्या पायवाटांवर, कधी होडीने गोराईला. चढतो, उतरतो, दहाला घरी.

अडचण सायकलीचीच आहे. जुनीला फक्त पुढे शॉक आहे, दगडांवर कंबर बोलायला लागते. आता पुढेमागे दोन्हीकडे शॉक असलेली घ्यायची ठरवली आणि दोघींत अडकलोय. निळी हलकी आहे, बारा सेंटीमीटर दबते, चढावर झकास. मातकट रंगाची जड आहे, पंधरा सेंटीमीटर दबते. चढावर जीव काढते, पण उतारावर कसल्याही दगडधोंड्यांतून सांभाळून नेते. तीन आठवडे झाले, ठरत नाही. अस्मिता म्हणते, लग्न ठरवताना इतका विचार केला नव्हतास.

अंधेरीच्या दुकानात डॅरिल म्हणून गोराईचाच एक मेकॅनिक आहे. त्याने एक गंमत दाखवली. शॉकमध्ये हवा असते आणि ती बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे भरतात. दांड्यावर रबराची बारीक कडी असते. आपण बसलो की ती सरकते आणि भार किती पडला ते दाखवते. हवा बरोबर असेल तर ती खुणेपर्यंत येते. मी वजन चार किलो कमी सांगितलं होतं. कडीने तिथल्या तिथे चुगली केली.

तुला सायकलीतलं कळतं. जोगेश्वरीला अण्णांच्या काळ्या सायकलीवर नळीखालून पाय घालून तू चालवायचीस आणि मी मागे कॅरिअरवर. लेण्यांकडच्या उतारावर तू ब्रेक सोडायचीस, मी बोंबलायचो. तर सांग, निळी की मातकट?

अण्णांना नमस्कार. भांडलो तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा,
शौनक


मुलुंड,
१३ जानेवारी

चि. शौनक यास,
अ. उ. आ.

पत्र गुरुवारी मिळालं. उत्तराला चार वेळा बसले आणि चार वेळा उठले. एकदा दूध सांडलं, एकदा चादर बदलायची होती, उरलेल्या दोन वेळा कशासाठी उठले ते आठवतही नाही.

अण्णा तसेच आहेत. डावा हात उचलत नाही, बोलणं अर्धं कळतं. तुझं पत्र वाचून दाखवलं. दोन्ही सायकलींना कॅरिअर आहे का, असं त्यांनी तीनदा विचारलं. नाही म्हटल्यावर दोन्ही बाद केल्या. मडगार्डही नसतं, हे मी सांगितलंच नाही.

दुपारी ते झोपतात तेवढ्यात मोबाइलवर दोघींची माहिती वाचली. शाळा सोडली तरी गणिताच्या बाईंना तक्ता दिसला की राहवत नाही. तू आरे आणि गोराई सोडून कुठे जात नाहीस. तिथे वीस मिनिटं चढायचं आणि उतार दोन मिनिटांत संपणार. उत्तर सरळ आहे, निळी घे.

मी असते तर मातकट घेतली असती. चढ खूप झाले रे. आता कोणीतरी सांभाळून खाली नेलं तर हवंय.

राग मानू नकोस, पण तुझं पत्र वाचून मला रडू आलं. सायकलीवरून नाही, त्या रविवारच्या सकाळवरून. सुंदराबाई सोमवार ते शनिवार सकाळी दोन तास येतात. त्यात अण्णांची आंघोळ होते आणि मी बाजार, बँक, औषधं उरकते. रविवारी त्यांना सुट्टी, म्हणून माझा रविवार सगळ्यांत लांब असतो. आई गेली आणि सहा महिन्यांत अण्णांना झटका आला, त्याला मार्चमध्ये सात वर्षं होतील. तू सणाला येतोस, श्रीखंड आणतोस, अर्धा तास त्यांच्या पायाशी बसतोस आणि निघताना मला काळजी घे म्हणतोस. कोणाची, ते विचारायचं राहूनच जातं.

भांडत नाही. दमले आहे, इतकंच. भांडायलाही अंगात काही लागतं.

लोभ असू दे. त्याला रजा टाकावी लागत नाही.

ताई


बोरिवली,
२० जानेवारी

ती. ताईस,
शौनकचा सा. न., आणि या वेळी खरोखर वाकून.

तुझं पत्र तीनदा वाचलं. मग अस्मिताला दिलं. तिने वाचून परत केलं आणि एवढंच म्हणाली की, हे सगळ्यांना दिसत होतं. मग मला का दिसलं नाही, असं मी तिला विचारलं. ती खिचडी ढवळायला निघून गेली.

शनिवारी अंधेरीला जाऊन मातकट घेतली. छोट्या मापाची. माझं जुनीवर चालेल, कंबरेचं बघू. डॅरिलने दोनदा विचारलं की सर, माप चुकतंय का. त्याला म्हटलं, माझ्या बहिणीची आहे. शॉकची हवा तुझ्या वजनाची भरून घेतली. अठ्ठावन्न किलो. तुझ्या विम्याचा अर्ज मीच भरला होता, मला पक्कं आठवतंय.

२६ तारखेला, रविवारी, साडेसहाला येतोय. सायकल तुझ्याकडेच राहील, मी दर रविवारी अण्णांपाशी. औषधांच्या वेळा कागदावर लिहून ठेव. दहाच्या आत घरी परत आलीस तर दार उघडणार नाही. नको म्हणायचं असेल तर पत्रानेच कळव, म्हणजे ते पोचेपर्यंत मी पोचलेला असेन.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.

शौनक


मुलुंड,
२८ जानेवारी

चि. शौनकास,
अ. उ. आ., सगळे ताजे.

तुला त्या दिवशी सगळं सांगितलं नाही. परत आले तर अण्णांची अर्धवट दाढी आणि तुझा चेहरा बघून आधी हसूच आलं, मग सांगायचं राहून गेलं.

खाली झेंड्याची तयारी चालू होती. पन्नाशी उलटलेली बाई हेल्मेट घालून निघालेली बघून सेक्रेटरी दोरी बांधायचे थांबले. योगी हिलच्या पायथ्याला मातीची वाट लागली आणि तुझी मातकट प्रत्येक दगडावर मला उडवायला लागली. म्हटलं, दुकानदाराने शौनकला फसवलं. उतरले आणि कडी पाहिली. खुणेच्या कितीतरी अलीकडे थांबली होती. पुन्हा बसले, पुन्हा तिथेच. माझा भारच पुरेना.

दांड्यावर तक्ता चिकटवलेला आहे, किती वजनाला किती हवा. डॅरिलने सायकलीबरोबर दिलेल्या पंपाचा काटा बघत थोडी थोडी हवा सोडत गेले. कडी खुणेपर्यंत आली तेव्हा तक्त्यात सत्तेचाळीसचा आकडा होता. खरं वाटलं नाही. काल औषधं आणायला गेले तेव्हा दुकानातल्या काट्यावर उभी राहिले. सत्तेचाळीस.

तू धरलेले अठ्ठावन्न आई होती तेव्हाचे. अकरा किलो कधी गेले ते मला माहीत नाही. तुला दिसलं नाही म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. मी रोज आरशासमोर वेणी घालते, मलाही दिसलं नव्हतं. दगडावर बसून थोडा वेळ रडले. मग भूक लागली. नाक्यावर दोन वडापाव खाल्ले, लागोपाठ.

मग पुन्हा चढले. चढावर ती खरंच जीव काढते, तू म्हणालास तसा. उतारावर मात्र ब्रेक सोडले. बोंबलायला मागे कोणी नव्हतं, म्हणून मीच बोंबलले.

येत्या रविवारी येताना दाढीचं मशीन आण, वस्तऱ्याला अण्णा घाबरतात. आणि वेळेवर ये. मी हेल्मेट घालून दारात उभी असेन.

लोभ धर, जमेल तसा वाढव. हवा मी माझी भरून घेईन.

तुझी ताई
(सध्या सत्तेचाळीस)