वाटीवर आडवा हात

अहो,

आज आखाजी, अक्षय्य तृतीयेचा पितरांचा सण. दुपारची जेवणं उरकली, तुमच्या शकूताई आतल्या खोलीत कूलरसमोर आडव्या झाल्यात, खरकटी भांडी तशीच पडली आहेत आणि मी तुम्हाला लिहायला बसले. सकाळी आपल्या निलेशने तुमच्या नावाने निखाऱ्यावर तूप-पोळीचा घास टाकला. जाळ असा भसकन वर आला की शकूताई ओरडल्याच, "पाहा वो वहिनी, दादा आला!" मला रडू आवरलं नाही. तूप दिसलं की तुम्ही येणारच, हो ना?

तुमचं जेवण आठवतं. ऑफिसातून आलात की स्कूटर लावायच्या आधीच फाटकातून हाक, "काय शिजून राहिलं वं?" ताटात जवसाची चटणी असली की तिला मधे खळगा करायचा आणि कच्चं तेल ओतायचं. आपला हात जगन्नाथ! मी बाटली उचलून ठेवली की म्हणायचात, "माह्या बापानं धारेनं तेल खाल्लं, त्याले काय झालं?" अहो, मामंजी मोर्शीच्या शेतात दिवसभर बैलांमागे चालायचे. तुम्ही कशामागे चालत होतात? फायलीसुद्धा शिपाई टेबलावर आणून द्यायचा!

आणि एक गोष्ट तुम्ही सोयीने विसरलात. सासूबाईंच्या घरात पोळी आणि तुपाची वाटी सणालाच दिसायची. एरवी ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, पातळ ताक. "सणाचं सणाले," असं म्हणून त्या तुपाचा डबा फळीवर ठेवून द्यायच्या. तुम्हाला नोकरी लागली आणि तुम्ही रोजचाच सण केलात. खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी! कितीदा भांडले मी. तुम्ही नुसते हसायचात, आणि त्या हसण्यापुढे मी दर वेळी हरायची. त्याचा राग मला अजून येतो.

तरी खरं सांगू? तुमच्याशिवाय जेवायला बसणं नको वाटतं. कोणी बोटं चाटत नाही. कोणी "आज तिखट मेलं का?" म्हणून कुरकुरत नाही. भरल्या वांग्याची भाजी केली की हात आपोआप एक मोठं वांगं तुमच्यासाठी बाजूला काढतो. मग ते संध्याकाळपर्यंत तसंच राहतं.

आता निलेशचं ऐका. पुण्याच्या कंपनीचं काम तो इथेच, अमरावतीत, तुमच्या खोलीत बसून करतो. सकाळी खुर्चीत बसला की अंधार पडेपर्यंत तिथेच. आणि जेवतो कसा? हुबेहूब तुम्ही! चटणीतला खळगासुद्धा तसाच. तो पाहून मला इतकं बरं वाटायचं की माझा वाढता हात थांबायचा नाही. गेल्या महिन्यात जिना चढताना त्याला धाप लागली म्हणून तपासण्या केल्या. साखर वाढलेली, लिव्हरवर चरबी. अजून पस्तिशीही आली नाही हो त्याची! डॉक्टर तुमचेच. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "वहिनी, साहेब माझ्याकडे फार उशिरा आले होते. हा वेळेत आलाय." घरी आल्या आल्या मी तुपाचा डबा फळीवर ठेवून दिला.

तेव्हापासून घरात पुन्हा भाकर, अंबाडी, ताक. चार दिवस त्याने मुकाट्याने खाल्लं. मग एकदा ताट सरकवून म्हणाला, "आई, हे बी सोडलं तं बाबाचं माह्याजवळ राहते काय?" मी ताट पुन्हा त्याच्यापुढे सरकवलं. तुम्ही काय उत्तर दिलं असतं?

आज खरी परीक्षा होती. शकूताई अकोल्याहून घरच्या म्हशीचं तूप घेऊन आलेल्या. त्यांचा आग्रह तुम्हाला मी काय सांगायचा! आपल्याकडची रीतच ती, वाटीत तूप ओतत राहायचं, आणि जेवणाऱ्याने हात आडवा केला की वाढणाऱ्याचं तोंड उतरतं. तुम्ही जन्मात कधी बहिणीपुढे हात आडवा केला नाहीत. निलेशच्या ताटात एकच पुरणपोळी होती. वाटीत चमचाभर तूप पडलं आणि त्याने वाटीवर हात ठेवला.

"काहून रे? आत्याचं तूप कडू झालं का?"



"बाबानं कधी हात आडवा केला नाई, आत्या," तो मान खाली घालून म्हणाला. "मले अजून लय वर्सं तुह्या हातचं खाचं हाये."

शकूताईंनी तुपाचं भांडं खाली ठेवलं. पदर डोळ्यांना लावला. मग ताकाचं भांडं पुढे ओढून म्हणाल्या, "मंग ताक तं घेशीन? ताकाले तं डाक्टर नाई म्हनत नाई?" तेव्हा कुठे आम्ही तिघं हसलो.

त्याचा हात अगदी तुमच्यासारखा आहे हो, तसाच रुंद पंजा. घडीभर वाटलं, तुम्हीच वाटीवर हात धरलात, इतक्या वर्षांनी. मी पाणी आणायच्या निमित्ताने उठले आणि मोरीत नळ सोडून रडून घेतलं. एकदा तरी का नाही हो धरलात?

आता माझा शब्द ऐका. दर आखाजीला तुमचा घास तुपात बुडवूनच देईन, त्यात काटकसर नाही. तुम्हाला आता कोण डॉक्टर विचारतो! एरवी मात्र घरात सासूबाईंचाच कायदा चालेल. ऊन उतरलं की निलेशला खुर्चीतून उठवून मी त्याच्यासोबत चालायला जाणार, गुडघे कितीही कुरकुरले तरी. तुम्ही तिकडे पंगत मांडून बसला असाल, मला माहीत आहे. तुमच्या शेजारचा पाट माझा. मी येईन, पोटभर भांडायला येईन. पण माझ्याआधी त्या पाटावर आपला लेक येऊन बसणार नाही, एवढं मी इथे पाहते.

तुमचीच,
सुमन