कांद्याच्या पेशीतला धागा

३ ऑक्टोबर

पुन्हा ढग! सूक्ष्मदर्शकाच्या आरशात ऊन पडेना. दारात एकशे चाळीस पोरं, चालणारं यंत्र एक. बाकीची पाच कपाटात — कुणाचं भिंग बुरसलंय, कुणाचा स्क्रू हरवलाय. शिकवणारे सर राजधानीत, कुठल्याशा संस्थेच्या बैठकीला. मग नेहमीसारखा मीच, कॉलेजच्या प्रयोगशाळेचा शिपाई, फळ्याशी उभा राहिलो. कांद्याची पेशी काढली. विटांसारख्या भिंती, मधे ठिपका, आणि ठिपक्यापासून भिंतीकडे वळत गेलेला तो बारीक धागा. पोरांनी मुकाट्याने उतरवून घेतलं. यंत्राकडे कुणी वळलंसुद्धा नाही.

एकतीस वर्षं हेच चित्र. खडू आपोआप वळतो.

माझी शाळा सहावीत सुटली. पण सगळ्या पोरांचा मी आगोगो — स्वतःची नातवंडं नसताना शेकडो नातवंडं! घरी बायको, एलिनाती, चिडवते, "आमचे प्राध्यापक आले! बसा, मक्याचा नसिमा थंड झाला तुमची वाट बघून."

किल्ल्या दोनदा मोजल्या. तरी शंका आहेच.

६ ऑक्टोबर

ऊन निघालं. तियामिके सगळ्यांच्या आधी आली. सरोवराकडची, मासे सुकवणाऱ्यांची मुलगी. म्हणाली, मला फळ्यावरचं नको, यंत्रातलं बघायचंय. लावून दिलं.

"आगोगो, धागा कुठंय?"

"नीट बघ."

"बघतेय. भिंत आहे, ठिपका आहे. धागा नाही."

"जिवंत असतो तो, हलतो. तुला बघून लपला असेल!"

"लपायला मी काय मांजर आहे?"

मी बघितलं. होता की! हळूच तरंगत खाली आला, नेहमीसारखा. तिने परत बघितलं. मान हलवली. "तुम्ही बघता तेव्हा येतो, मी बघते तेव्हा जातो. चांगला शिकवून ठेवलाय!"

मी रागावलो. "मोठमोठे डॉक्टर झाले हे चित्र काढून," म्हणालो. मी उगाच आवाज चढवला.

धाग्याला नावही आहे — आधारतंतू. ते मी नाही ठेवलं. कधीतरी कुणाच्या वहीत आलं. पुढे डॉ. चिरांबोंच्या टिपणांत गेलं, आणि टिपणांतून प्रश्नपत्रिकेत. विभागप्रमुख आहेत आता. त्र्याण्णव साली तिसऱ्या बाकावर बसायचे, मी काढलेलं उतरवायचे. आता भेटले की टोपी काढतात.

८ ऑक्टोबर, रविवार

चर्चहून येताना गुडघा दुखला म्हणून नीलमोहराखाली आडवा झालो. वरून फुलं पडत होती, एकेक, घाई नसल्यासारखी. पांढऱ्या ढगाकडे बघता बघता डोळा लागायला आला, तर ढगातही तोच धागा! सवय — दुसरं काय.

मग स्वप्न पडलं. मी पेशीच्या आत चाललोय. भिंती काचेच्या, पलीकडे दुसरी पेशी, तिच्या पलीकडे तिसरी, आणि प्रत्येकीत कुणीतरी पाठमोरं बसून लिहितंय. मी हाक मारली. कुणी मान वर केली नाही.

एलिनातीने उठवलं. "भर रस्त्यात घोरताय, प्राध्यापक!"

१६ ऑक्टोबर

प्रात्यक्षिक परीक्षा. तियामिकेने चित्र काढलं. धाग्याविना.

मी मागून बघितलं. खूण करावी असं वाटलं. केली नाही.

२५ ऑक्टोबर

नापास! हा पेपर तिचा दुसऱ्यांदा गेला. म्हणजे नाव कापणार, घरी पाठवणार. तिने उत्तरपत्रिका दाखवली. खाली लाल शाईत लिहिलंय — "निरीक्षण न करता काढलेली आकृती."

"आगोगो, वर्गात निरीक्षण मी एकटीने केलं," ती म्हणाली.

फेरतपासणीचा अर्ज दिलाय तिने. पुढच्या आठवड्यात, ३ तारखेला शुक्रवारी दहाला बैठक. रात्री जेवण गेलं नाही. ती चूक आहे. चूकच आहे. मग मला का लागतंय?

१ नोव्हेंबर

परदेशातून देणगीत नवं यंत्र आलंय. आरसा नाही, आत दिवाच आहे! डॉ. चिरांबोंनी आपल्या खोलीत ठेवलंय, वर त्यांच्या बाईसाहेबांनी विणलेलं पांढरं आच्छादन. पोरं मोडतील म्हणून. रोज सकाळी पुसायचं काम माझं.

२ नोव्हेंबर, गुरुवार

चिरांबो साहेबांनी बोलावलं. "आगोगो, त्या मुलीचं एकदाचं मिटवू. नव्या यंत्रात बघा आणि सांगा. तुमच्याइतका मुरलेला डोळा कुणाचा आहे इथे?"

कांद्याचा पापुद्रा सोलला, काचपट्टीवर ठेवला, दिवा लावला. काय तो उजेड! सरोवरावर पहाट व्हावी तसा. आणि त्यात — धागा! पूर्वीपेक्षाही स्पष्ट.

देवा, एकतीस वर्षं खोटी नाहीत माझी!

"आहे," मी म्हणालो. "साहेब, तुम्हीही बघा ना."

"तुम्ही बघितलंत ना? मग झालं." धागा दिसल्याचा कागद पुढे केला. मी सही केली. नाव तेवढं चांगलं लिहिता येतं मला.

बाहेर पायरीवर तियामिके बसली होती, पत्र्याची पेटी बांधून. "गावी बरंय," म्हणाली. "मासे तरी विचारत नाहीत, आमची आकृती कुठली उतरवलीस."

घरी आलो तेव्हा अंग हलकं झालं होतं. झोप लागेल असं वाटतंय.

३ नोव्हेंबर

यंत्र पुसायला गेलो. काचपट्टी कालच धुऊन ठेवलेली. यंत्राखाली काही नव्हतं, नुसता उजेड. सहज उजवा डोळा लावला, नेहमीसारखा.

धागा होता.

डावा डोळा लावला. नव्हता.

साडेनऊ झालेत. आधी खाली जाऊन फळा पुसला, धाग्यासकट. आता वर बैठकीत जातो.