पांढऱ्या टपाची गाडी

५ सप्टेंबर २००५
आजपासून जॉब! मेडनहेडच्या बाहेर, इंडस्ट्रियल इस्टेटमधलं रेसिंग म्युझियम. मराठीत लिहितेय, म्हणजे तिथे कुणाला वाचता येणार नाही. काम काय, तर जुन्या स्टॉक कार्स, म्हणजे रेसमध्ये एकमेकींना ठोकणाऱ्या गाड्या, पुसायच्या. कुणाशी बोलायचं नाही. बेस्ट! स्कूल सोडल्यापासून बाबा धड बोलत नाहीत. ख्रिसमसपर्यंत टिकलीस तर कॉलेजचं नाव काढणार नाही, म्हणाले. टिकणार मी.

बॉसचं नाव टेरी. त्याने सांगितलं, टपाचा रंग बघायचा. लाल म्हणजे स्टार ड्रायव्हर, पांढरा म्हणजे अगदी नवा. मग माझ्याकडे बघून म्हणाला, तू पण व्हाइट रूफच की, लव्ह. इंग्लंडमध्ये काय, कुणालाही लव्ह म्हणतात.

८ सप्टेंबर
पांढऱ्या टपाची एकच गाडी आहे. दारं वेल्ड केलेली, खिडकीतून आत शिरायचं. बाकीच्या गाड्यांचे ड्रायव्हर आता म्हातारे झालेत, पण येतात, आपापल्या गाडीत बसून फोटो काढतात. हिचा ड्रायव्हर पहिल्याच रेसमध्ये गेला. टेरी म्हणतो, आत इंजिनसुद्धा नाही, नुसता डबा आहे. मला कसंतरीच वाटलं. निघताना तिला म्हटलं, येते हं. आईने लावलेली सवय. 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं.

१६ सप्टेंबर
आता रोज म्हणते. गाडीशी बोलायला लाज नाही वाटत. आज सीटबेल्ट पुसताना बघितलं, पट्टा लहान झालाय. आधी चांगला जाड्या माणसाच्या मापाचा होता. टेरीला विचारलं, तुम्ही केला का? तो म्हणाला, मी त्या खिडकीतून आत गेलो तर फायर ब्रिगेडच बोलवावी लागेल.

२७ सप्टेंबर
पट्टा अजून लहान. सीट पण पुढे आलीय.

लंचला आत बसून बघितलं. बसायला नको होतं. पाय बरोबर पेडलवर. पट्टा बरोबर माझ्या मापाचा. आणि मग सुटेचना. ओढला, खूप ओढला. शेवटी रडत म्हटलं, येते, परत येते. तेव्हा सुटला.

३ ऑक्टोबर
बाबांना सांगितलं. म्हणाले, हा नवीन बहाणा का? आई हसली, गाडीला पण मराठी शिकवलंस वाटतं! मला नाही हसू आलं. ख्रिसमस किती लांब—

७ ऑक्टोबर
जॉब सोडला. कॉलेज तर कॉलेज. निघताना तिच्यासमोर उभी राहून मोठ्याने म्हटलं, जाते. येते नाही. जाते.
हलकं वाटलं.

८ ऑक्टोबर
ब्रेकफास्टला आईला सांगितलं. तिने हातातला चमचा खाली ठेवला. असं बोलतात का गं, म्हणाली. 'गेली' म्हणजे काय, माहितीय ना?

माहितीय. वर मीच लिहिलंय, ड्रायव्हर गेला—

बाहेर इंजिनचा आवाज. पण तिला इंजिन नाहीये. टेरीने सांगितलंय, नाहीये—

पडद्यातून टप दिसतोय. पांढरा.

आई खालून हाक मारतेय, ईरा, कुणीतरी न्यायला आलंय गं तुला. तिला ओरडून सांगायचंय, दार उघडू नको. आवाजच—

छातीवर आवळतंय. पट्टा नाहीये, मी माझ्या रूममध्ये आहे, पट्टा कुठून—

येते म्हटलं की सोडते ती. बोलता येत नाहीये. लिहिते. येते. येते. ये